छातीतलं यंत्र मोजतं रोजची हालचाल. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना त्याचा उपयोग काय?

‘तब्येत कशी आहे?’ असं डॉक्टरांनी विचारलं की आपल्याकडचे ज्येष्ठ रुग्ण बहुतेक वेळा म्हणतात, ‘बरंय.’ जिने चढणं कधीच बंद झालेलं असतं, सकाळचा फेरफटका सोसायटीच्या गेटपर्यंतच उरलेला असतो. पण हे इतकं हळूहळू होतं की घरच्यांच्याही लक्षात येत नाही. हार्ट फेल्युअरच्या काही रुग्णांच्या बाबतीत मात्र याची नोंद होत असते. थेट त्यांच्या छातीत.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. शरीराला लागतं तेवढं रक्त पुरवणं हृदयाला जड जाऊ लागतं, इतकाच त्याचा अर्थ. यातल्या काही रुग्णांना आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडले तर शॉक देणारं यंत्र) किंवा सीआरटी (हृदयाच्या दोन्ही बाजूंचे ठोके जुळवणारं यंत्र) बसवलं जातं.

यंत्राला हालचाल कळते कशी?

मोबाइलमध्ये पावलं मोजणारा असतो तसाच अ‍ॅक्सेलरोमीटर या यंत्रात असतो. तो मुळात पावलं मोजायला आला नव्हता. माणूस चालू लागला की ठोके वाढायला हवेत, हे पेसमेकरला कळावं म्हणून १९८०च्या दशकात हालचाल ओळखणारे सेन्सर आले. सुरुवातीचे सेन्सर कंपनावर चालायचे, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर गाडीत नुसतं बसलं तरी ठोके वाढायचे! पुढे हीच माहिती साठवून तिचा आलेख काढता येऊ लागला.

मेडट्रॉनिकच्या यंत्रांत साधारण मिनिटाला ७० पावलांच्या चालीइतकी हालचाल झाली, तरच ते मिनिट ‘सक्रिय’ धरलं जातं. म्हणजे तासभर बसून भाकऱ्या थापल्या किंवा व्यायामाची सायकल चालवली, तर ती मेहनत कमी मोजली जाऊ शकते. प्रत्येक कंपनीचं मोजमापही वेगळं. त्यामुळे शेजारच्या काकांच्या आकड्याशी तुलना नको. आपलाच गेल्या महिन्याचा आकडा बघायचा.

आकडा घसरला तर?

आयसीडी किंवा सीआरटी-डी बसवलेल्या अमेरिकेतल्या सुमारे ९८ हजार रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वाधिक हालचाल करणाऱ्या गटातले सुमारे ९० टक्के रुग्ण चार वर्षांनी हयात होते. सर्वांत कमी हालचालीच्या गटात हे प्रमाण ५० टक्के होतं. पण यावरून ‘चाला म्हणजे वाचाल’ असं सिद्ध होत नाही. ज्याचं हृदय जास्त थकलंय तो मुळातच कमी चालतो.

शिवाय गुडघा दुखला, पावसाची झड लागली तरी आकडा खाली येतो. म्हणून काही यंत्रं हृदयाचे आवाज, श्वास, छातीत साचणारं पाणी आणि रात्रीचे ठोके यांच्यासोबत हालचाल जोडून एकच निर्देशांक काढतात. बॉस्टन सायंटिफिकच्या हार्टलॉजिकवरच्या २०१७च्या अभ्यासात प्रकृती ढासळण्याच्या ७० टक्के घटनांचा इशारा आधी मिळाला, तोही बहुतेकदा महिनाभर आधी.

मग अडचण कुठे आहे?

इशाऱ्यानंतर काय होतं, यात. २०११च्या डॉट-एचएफ चाचणीत छातीत पाणी साचत असल्याचा अंदाज आला की यंत्रच बीप करायचं. त्यातून रुग्णालयात दाखल होणं कमी न होता उलट वाढलं. २०१४च्या इन-टाइम चाचणीत मात्र माहिती रोज तज्ज्ञांच्या टीमकडे जायची आणि गरज वाटली की रुग्णाला फोन व्हायचा. त्या ६६४ रुग्णांपैकी देखरेखीखालच्या गटात वर्षभरात १० मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २७. माझ्या मते फरक पडला तो त्या फोनमुळे.

यंत्र बसवलेलं कुणी घरात असेल, तर पुढच्या तपासणीला ‘अ‍ॅक्टिव्हिटीचा आलेख दाखवता का?’ असं जरूर विचारा. माहिती घरून आपोआप जाते की फक्त क्लिनिकमध्ये वाचली जाते, आणि जात असेल तर ती रोज कोण पाहतं, हेही विचारून ठेवा. आलेख कसाही असो, तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.