रक्त थांबवणारे हात

अपघात झाला की आपली पहिली धावपळ अ‍ॅम्ब्युलन्ससाठी असते. ते योग्यच आहे. पण हातापायाची मोठी रक्तवाहिनी तुटली तर काही मिनिटांतच माणूस दगावतो. तेवढ्यात डॉक्टर पोहोचेलच असे नाही. म्हणूनच वाहते रक्त थांबवण्याचे काम आजवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाचेच राहिले आहे. या विद्येचा इतिहास आपल्या रेल्वेवाल्यांच्याही जवळचा आहे.

सुश्रुतसंहितेत रक्त थांबवण्याचे चार उपाय आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट औषधाने जखम सांधणे, थंडाव्याने रक्त गोठवणे, भस्म लावणे आणि काहीच चालले नाही तर डाग देणे. युरोपात सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने डाग देण्याऐवजी रक्तवाहिनी दोऱ्याने बांधण्याचा पुरस्कार केला. 1674 मध्ये बझाँसाँच्या वेढ्यात मोरेलने पट्टीत काठी घालून ती पिळली. 1718 मध्ये पेटी याने त्याला स्क्रू जोडला. हीच टुर्निकेट, म्हणजे आवळपट्टी. तत्त्व आपल्या वर्कशॉपमधल्या शिकंज्याचेच!

1877 मध्ये इंग्लंडात सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली. तिचे वर्ग रेल्वेची ठाणी आणि खाणींच्या भागांत पसरले, कारण यंत्रात, डब्यांमध्ये हातपाय सापडायचे आणि डॉक्टर दूर असायचा. भारतीय रेल्वेतले प्रथमोपचाराचे वर्ग आणि गार्डाजवळची पेटी याच परंपरेतली.

पुढे आवळपट्टी बदनाम झाली. पहिल्या महायुद्धात जखमी तासन्‌तास खंदकात पडून राहत आणि बांधलेला अवयव अनेकदा गमवावा लागे. दोष उशिराचा होता, पण ठपका पट्टीवर आला. ‘पट्टी बांधली की पाय गेला’ ही भीती कित्येक वर्षे टिकली. ती दूर केली बगदादमधल्या अमेरिकन लष्करी रुग्णालयाच्या नोंदींनी. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, रक्त जाऊन शॉक बसण्यापूर्वी पट्टी बांधलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचले. शॉकनंतर बांधलेल्यांपैकी जेमतेम 10 टक्के. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटात लोकांनी पट्टे, कपडे बांधून जखमींना मदत केली. 2015 मध्ये अमेरिकेत सामान्य नागरिकांना हे शिकवणारी ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली.

शिकायचे ते थोडेच आहे. स्वच्छ कापड जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी, सर्व जोर लावून दाबा. पुन्हापुन्हा उचलून पाहू नका. हातापायाचे रक्त तरीही थांबत नसेल तर जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा टाळून, रुंद पट्टी रक्त थांबेपर्यंत आवळा. तार किंवा सुतळी नको. वेळ लिहून ठेवा आणि रुग्णालयात पोहोचेपर्यंत पट्टी सैल करू नका. मधूनमधून सैल करण्याची जुनी शिकवण आता मोडीत निघाली आहे.

‘पोलिसांचे लचांड कशाला?’ हा प्रश्नही आता उरलेला नाही. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने संरक्षण दिले आहे.

मात्र हे वाचून येत नाही, हाताला सवय लागते. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. आरतीनंतरचा एक तास यासाठी ठेवला, तर विघ्नहर्त्याच्या मांडवात ते शोभूनच दिसेल.

गणपती बाप्पा मोरया!