शंतनुराव किर्लोस्कर : इंजिनिअर, कारखानदार आणि आजोबा

स्मरणिका समितीने मला 'आपल्या परिसराचा इतिहास' असा विषय दिला होता. पण पेशवाई, वाडे, देवळे यांवर इतके लिहून झाले आहे की माझ्यासारख्या निवृत्त बँकवाल्याने त्यात काय भर घालायची? म्हणून मी आपल्या सोसायटीच्या पंपघरापासून सुरुवात करतो. जमिनीखालच्या टाकीतले पाणी गच्चीवर चढवणाऱ्या पंपावर जे नाव आहे, तेच नाव आपल्याकडच्या कितीतरी जणांच्या पेन्शनच्या कागदांवर आहे. कोणी खडकीला होते, कोणी हडपसरला, कोणी कोथरूडला. हे सगळे कारखाने ज्यांच्या हिमतीवर पुण्यात आले, त्या शंतनुराव किर्लोस्करांविषयी आपल्या नातवंडांना काही माहीत असावे, एवढाच हेतू.

खरे तर गोष्ट त्यांच्या वडिलांपासून सांगायला हवी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथे कळले की त्यांना काही रंग ओळखता येत नाहीत. मग ते यंत्रांची ड्रॉइंग शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलींचे दुकान चालवले. पुढे कडबा कापायची यंत्रे आणि लोखंडी नांगर. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन नासते. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळावरची जमीन दिली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. बँकेत आयुष्य काढल्यामुळे सांगतो, ना तारण, ना जामीनदार, अशा माणसाची कर्जाची फाइल आमच्या साहेबांनी पहिल्या पानावरच परत पाठवली असती! १९१० साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कामगारांची घरे आणि कारखाना एकाच आवारात. पुढे स्टेशनचे नावही किर्लोस्करवाडी झाले.

शंतनुरावांचा जन्म १९०३ चा, म्हणजे वाडी वसली तेव्हा ते सात वर्षांचे होते. १९२२ साली त्यांना अमेरिकेत बोस्टनजवळच्या एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला पाठवले. सोबत चुलतभाऊ माधव होता. वडिलांकडे स्वतःची इंजिनिअरची पदवी नव्हती, आणि मुलाला मात्र सातासमुद्रापार पाठवले. आता घरटी एक मूल परदेशात असते, व्हिडिओ कॉलवर रोज दिसते. तेव्हा पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागायचे. माधवला तिकडे क्षयाने गाठले आणि तो परत आलाच नाही. विशीतल्या मुलाने परक्या देशात हे कसे सोसले असेल, ते त्याचे त्यालाच ठाऊक. शंतनुराव पदवी घेऊन १९२६ साली परतले आणि कुठल्या इंग्रज कंपनीत न जाता थेट वाडीला नांगराच्या कारखान्यात रुजू झाले.

१९४६ साली एकाच वर्षात दोन मोठ्या कंपन्या निघाल्या. बंगळूरला विजेच्या मोटारींसाठी किर्लोस्कर इलेक्ट्रिक आणि पुण्यात खडकीला डिझेल इंजिनांसाठी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. खडकीचा कारखाना हे शंतनुरावांचे खास काम. दोनच वर्षांत, १९४८ च्या जाळपोळीत, किर्लोस्करवाडीचा कारखाना पेटवला गेला. अडतीस वर्षांच्या कष्टाची अशी राख झाल्यावर दुसरा कोणी गाव सोडून गेला असता. ह्यांनी पुन्हा उभे केले. नंतर हडपसरला किर्लोस्कर न्यूमॅटिक आले आणि १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स. तेव्हाचे कोथरूड म्हणजे शेतेच होती हो!

माझा ह्या नावाशी संबंध आला तो १९७४ नंतर. बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन पाच वर्षे झाली होती आणि आम्हा तरुण अधिकाऱ्यांना खेड्यांत धाडले जात होते. मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत शेती कर्जे बघायचो. अर्ज आला की बहुतेक तो विहिरीवर इंजिन बसवण्यासाठीच असे. पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन आणि पंप. मी सायकलवरून किंवा एसटीने जाऊन बघायचो, इंजिनाच्या पट्टीवरचा नंबर रजिस्टरमध्ये लिहून घ्यायचो. शेतकरी हँडल मारायचा, दोन-चार वेळा भक भक धूर, मग टकटक आवाज लागला की घरातली म्हातारी इंजिनाला हळदकुंकू वाहायची. शेजारी मोटेची धाव ओस पडलेली, बैल झाडाखाली रवंथ करताहेत. एका म्हाताऱ्याने मला सांगितले, "साहेब, कर्जाचं सोडा, माझ्या पोराला आता पहाटं तीनला मोटंवर जावं लागत न्हाई." हप्ते त्याने वेळेवर भरले, हेही सांगायला हवे.

शंतनुरावांची मते तेव्हा अनेकांना खटकायची. देशात समाजवादाचे वारे होते, कारखान्यात एक यंत्र वाढवायचे तरी दिल्लीचे लायसन्स लागे, आणि हे गृहस्थ जाहीरपणे म्हणायचे की नफा मिळवणे हे पाप नाही, नफ्याशिवाय कारखाना चालत नाही आणि रोजगारही मिळत नाही. आम्ही युनियनवाली मंडळी त्यावर तावातावाने वाद घालायचो. मला आजही त्यांचे सगळे पटत नाही. राष्ट्रीयीकरण झाले नसते तर त्या माळरानावरच्या शेतकऱ्याच्या दारात कुठली बँक गेली असती? पण लायसन्सबद्दल त्यांचे म्हणणे बरोबर होते, हे १९९१ नंतर सरकारनेच मान्य केले. त्यांना १९६५ साली पद्मभूषण मिळाले. आत्मचरित्र इंग्रजीत आहे, नाव 'कॅक्टस अँड रोझेस'. त्यातला कॅक्टस कुठला, हे वाडीचा माळ पाहिलेल्याला सांगावे लागत नाही.

मॉडेल कॉलनीतल्या त्यांच्या बंगल्याचे नाव 'लकाकी'. लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर, ह्या वडिलांच्या नावाची आद्याक्षरे. आपल्यातले अनेकजण तिथल्या तळ्याभोवती फिरायला जातात, पण हे नाव कुठून आले ते फार थोड्यांना माहीत असते.

आता आजोबांविषयी. थोरला मुलगा चंद्रकांत बापाच्या डोळ्यांदेखत गेला. ज्या वयात आपण औषधांच्या डब्या सांभाळतो, त्या वयात शंतनुरावांवर मुलाचे दुःख पचवून नातवांकडे बघायची वेळ आली. चंद्रकांतरावांचे मुलगे संजय, अतुल आणि राहुल तेव्हा तरुण होते. आपल्यापैकी ज्यांनी मुलांमागे नातवंडांचे केले आहे, त्यांना ह्यातले ओझे मी सांगायला नको. नातवंडाला रागवावे तर मन धजत नाही, आणि न रागवावे तर त्याचे नुकसान. माझ्या स्वतःच्या नातवाला मी चक्रवाढ व्याज शिकवायला बसतो, तो पाचव्या मिनिटाला मोबाईल काढतो आणि मीच त्याला लाडू देतो! शंतनुरावांकडे तर शिकवायला हजारो कामगारांचे कारखाने होते. नातवांनी पुढे ह्या कंपन्यांची सूत्रे हाती घेतली.

दुसरा मुलगा श्रीकांत, त्यांचा मुलगा विक्रम. हा नातू आजोबांच्याच एमआयटीत गेला आणि मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आला. आजोबा १९२६ चे, नातू १९८१ चा. मध्ये पंचावन्न वर्षे. आजोबांच्या वेळी बोटीचा प्रवास आणि माधवचे मरण, नातवाच्या वेळी विमान.

१९९४ च्या एप्रिलमध्ये शंतनुराव गेले. वडिलांचे टपाल तिकीट १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला निघाले होते, मुलाचे २००३ साली निघाले. दोन्ही माझ्या संग्रहात आहेत, ज्यांना बघायची असतील त्यांनी संध्याकाळी पाचनंतर यावे.

नातू विक्रम यांनी १९९७ साली जपानच्या टोयोटाबरोबर बंगळूरजवळ बिडदीला मोटारींचा कारखाना काढला. तो बघायला आजोबा नव्हते. त्या कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी क्वालिस. तीच, जिच्यात दाटीवाटीने बसून आपल्या सोसायटीची मंडळी पहिल्यांदा शिर्डीला जाऊन आली.