क्षिप्र नेत्रगती
एका बिंदूवरून दुसऱ्यावर दृष्टी नेणारी, सेकंदाला 500 अंशांहून अधिक वेग गाठू शकणारी डोळ्यांची झेप. ती इतक्या अल्पकाळात संपते की, दृष्टिपटलाकडून येणारी वर्दी वाटेत तिची दुरुस्ती करू शकत नाही. म्हणून मेंदूच्या ललाटखंडाने व मध्यमस्तिष्काने लक्ष्य मुक्रर केल्यावर मस्तिष्कस्तंभातील तंत्रिका कोशिका स्नायूंना हुकूम सोडतात, आणि अनुमस्तिष्क, चुकलेल्या झेपांचा हिशेब ठेवून, पुढील हुकमांचे माप सुधारते. मुंबईचे नोशीर वाडिया व आर. के. स्वामी यांनी 1971 मध्ये नऊ भारतीय कुटुंबांतील आनुवंशिक अनुमस्तिष्क-विकाराचे वर्णन करताना या गतीचे विलक्षण मांद्य नोंदविले. हे निरीक्षण फार मोलाचे होय. हे मांद्य ओळखण्यासाठी दोन बोटांवर आळीपाळीने नजर टाकावयास सांगण्याची परीक्षा धाराशिव जिल्ह्यातील खेड्याच्या दवाखान्यातही, उपकरणाविना, करता येते. तोल जाणाऱ्या रुग्णाची ती अवश्य करावी.