तळटीप १७ : घन इलेक्ट्रोलाइट

१७. ज्या घन पदार्थातून इलेक्ट्रॉनऐवजी आयन वाहतात तो. इथे अभिप्रेत आहे यिट्रिया मिसळलेला झिर्कोनिया. काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकतात. त्यावर प्लॅटिनमचा किंवा पॅलेडियमचा सच्छिद्र थर देऊन थोडा विद्युतदाब लावला, की त्या थरावर मिथेनच्या ऑक्सिडीकरणाचा वेग बदलतो. ग्रीसमधील पात्रास विद्यापीठात व्हायेनास आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात हा परिणाम आधी इथिलीनवर दाखवला, मिथेनवर त्यानंतर. वीज गॅस जाळते, हे मजकुरातील विधान मला अपुरे वाटते. मिथेनच्या एका रेणूला पूर्ण जळायला ऑक्सिजनचे चार अणू लागतात. वीज नुसता ऑक्सिजन पुरवत असती, तर वेगातली वाढ पुरवलेल्या आयनांच्या हिशेबातच राहिली असती. प्रयोगांत ती त्याच्या कितीतरी पट भरली. म्हणजे आयन धातूच्या पृष्ठभागावर पसरून त्याचा स्वभावच पालटतात, आणि मिथेनशी संयोग पावतो तो मुख्यतः वायूतलाच ऑक्सिजन. प्रवाहाने थर तापत असेल, ही शंका रास्त आहे. पण तापमान स्थिर राखूनही परिणाम टिकतो. टेंभुर्णीच्या (ता. जाफराबाद, जि. जालना, सोलापूर जिल्ह्यातील नव्हे) गोबरगॅसला हे लावायचे, तर त्यातला हायड्रोजन सल्फाइड आधी काढावा लागेल, कारण तो अशा धातूंना निकामी करतो. त्यासाठी गॅस लोखंडाच्या गंजाच्या थरातून नेतात. चुलीला साधी ज्योत पुरते. ही पद्धत उपयोगी ठरेल ती जिथे मिथेन ज्योत धरण्याइतका दाट नसतो तिथे.