नंबर घालवणारा लेझर आला कुठून?

मुलीला चष्मा लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, "आता लग्नाचं कसं?" आणि दुसरा, "लेझरनं नंबर जातो म्हणतात, खरं का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चष्मा म्हणजे व्यंग नव्हे. दुसऱ्याच्या मागे मात्र मोठी गोष्ट आहे. ती आज ऐकूया.

लांबचं धूसर दिसतं, तेव्हा बहुधा डोळ्याचा गोळा जरा लांबट असतो. त्यामुळे उजेड मागच्या पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. बुबुळावर काचेसारखं पारदर्शक पटल असतं, त्याला पारपटल म्हणतात. त्याची गोलाई थोडी सपाट केली, तर उजेड नेमका पडद्यावर पडतो. पण ते करायचं कसं?

जपानचे डॉ. सातो यांनी पारपटलाला आतल्या बाजूने चिरा दिल्या. नंबर उतरला. पण काही वर्षांनी अनेकांचं पारपटल पांढुरकं झालं, कारण आतल्या नाजूक पेशी दुखावल्या होत्या. पुढे कोलंबियात डॉ. बाराकेर पारपटलाची चकती काढून, गोठवून, लेथवर घासून परत बसवू लागले. हात कितीही कसबी असला, तरी काम अवघडच होतं.

मग आलं १९८१ साल. मद्रास विद्यापीठात शिकलेले रंगस्वामी श्रीनिवासन तेव्हा अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. सणाच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी घरून नेला आणि त्यावर एक्सायमर लेझर सोडला. काप अगदी स्वच्छ पडला, आजूबाजूला जळल्याची खूण नाही! १९८३ मध्ये डोळ्यांचे डॉक्टर ट्रोकेल यांनी त्यांच्यासोबत हाच लेझर पारपटलावर वापरून पाहिला.

पण माणसाच्या दिसत्या डोळ्यावर पहिल्यांदा कोण करून घेणार? १९८८ मध्ये अमेरिकेतली एक साठीची बाई पुढे आली. कॅन्सरमुळे तिचा डोळा काढावाच लागणार होता. "काढण्याआधी यावर शिकून घ्या," असं म्हणून तिने तो डोळा देऊ केला. शस्त्रक्रिया करणाऱ्याही बाईच होत्या, डॉ. मार्गरिट मॅकडोनल्ड. आज ज्यांचा चष्मा सुटला, त्या सगळ्यांवर या बाईचे उपकार आहेत.

पुढे ग्रीसच्या डॉ. पालिकारिस यांनी पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून, खाली लेझर मारून तो परत झाकायची रीत आणली. हीच लेसिक. आता स्माइल नावाच्या पद्धतीत पापुद्रा न उचलता लहान चिरेतून आतला पातळ थर काढतात.

सातोंच्या रोग्यांची गोष्ट विसरू नका. आज बरं दिसलं म्हणून उद्याचं विचारायचं राहू नये. मुलगी अठराची झाली का? नंबर वर्षभर स्थिर आहे का? पारपटल पुरेसं जाड आहे का? हे तपासल्याशिवाय होकार देऊ नका. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने थांबावं. डोळे कोरडे पडणं, रात्री दिव्याभोवती वलयं दिसणं असे त्रास होऊ शकतात, तेही विचारा. चाळिशीचा चष्मा याने टळत नाही. आणि मोठा नंबर असेल, तर तो गेल्यावरही मागचा पडदा दरवर्षी तपासून घ्या.

करायचं की नाही, हे लेकीनं स्वतः ठरवू दे. पाहुणे येणार म्हणून नव्हे, तिला हवं म्हणून. तोवर चष्मा लावून तिला फळ्यावरचं स्वच्छ वाचू दे.