नमुन्याचे विमान आणि कारागिराची वही



कामगार संघटनेचा कार्यकर्ता व्याख्यानाला उभा राहिला, की तो बोनस, महागाई-भत्ता नाहीतर टाळेबंदी यांवरच बोलणार, अशी एक समजूत आहे. आज आम्ही ती मोडणार आहोत. आमचा विषय आहे नमुन्याचे विमान. म्हणजे आत माणूस न बसता जमिनीवरून बिनतारी नियंत्रणाने उडवायची, आणि पोटात खरेखुरे जेट इंजिन असलेली मोठी प्रतिकृती. हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ, त्यात कामगाराचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले आहे. तेव्हा पंडिताची भाषा आमच्याकडून अपेक्षू नये.

प्रारंभ आमच्याच एका आठवणीने करतो. १९८८च्या सुमारास आम्ही अंधेरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात उमेदवारी करीत होतो. तेथे एक वयस्क टर्नर होते. सारे त्यांना नाना म्हणत. एके दिवशी एन. सी. सी.च्या हवाई शाखेतला एक मुलगा ओळखीने त्यांच्याकडे आला. दोन तारांना बांधून गोल गोल फिरवायचे त्याचे नमुन्याचे विमान होते. त्याच्या अंगठ्याएवढ्या इंजिनाचा पिस्टन झिजला होता. नानांनी जेवणाच्या सुट्टीत तीन दिवस लेथवर बसून नवा पिस्टन केला. या इंजिनाच्या पिस्टनला कडी नसते. सारा दाब धरायचा तो नुसत्या घासून बसविलेल्या मापावर. सिलिंडर उभा धरला, की नानांचा पिस्टन आपल्या वजनाने सावकाश खाली उतरे. खालच्या तोंडावर बोट ठेवले, की अधांतरी थांबे. आम्ही विचारले, "नाना, माप किती ठेवलंत?" ते म्हणाले, "माप हाताला कळतं, पोरा." पुढे कारखाना बंद पडला. नाना कोकणात गेले आणि तेथेच वारले. त्यांचा थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे यांचा हिशेब आमच्या युनियनने पैपर्यंत लिहिला. त्यांच्या हाताला काय कळत होते, ते मात्र कोणीच लिहिले नाही. आम्हीही नाही. आजचे व्याख्यान त्या चुकीपोटी आहे.

आता इतिहासाकडे वळू. माणूस उडाला तो आधी नमुन्यातून उडाला. इंग्लंडात सर जॉर्ज केलीने १८०४ साली बिनइंजिनाचे नमुन्याचे विमान करून टेकडीवरून सोडले. पॅरिसच्या एका बागेत १८७१ साली आल्फोन्स पेनो या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान लोकांसमक्ष उडविले. याच पेनोच्या धर्तीचे रबराचे एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका पाद्र्याने आपल्या दोन लहान मुलांना आणून दिले. खेळणे मोडले, तेव्हा मुलांनी त्याच्या नकला करावयास घेतल्या. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. पुढे सायकलींचे दुकान चालवीत असताना, १९०१ साली त्यांनी लाकडी खोक्याचा वाऱ्याचा बोगदा केला आणि पंखांचे सुमारे दोनशे छोटे नमुने त्यात धरून प्रत्येकाचे आकडे टिपले. दोनशे नमुने आणि आकड्यांची वही: त्यांच्या यशाचे मर्म येथे आहे.

याच काळातली दुसरी गोष्ट तितकीच बोधप्रद आहे. सॅम्युएल लँगली हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख, मोठे शास्त्रज्ञ. त्यांचे वाफेवर चालणारे, माणूस नसलेले विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर सुमारे हजार मीटर उडाले. सरकारने ५० हजार डॉलर दिले. लँगलींनी त्याच धर्तीचे विमान माणूस बसेल एवढे मोठे केले. १९०३ साली ते दोनदा सोडले, आणि दोन्ही वेळा नदीत पडले. दुसऱ्या अपयशानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ला, राइट बंधू उडाले.

लहान उडाले ते मोठे का पडले? ज्याने कधी वस्तू घडविली आहे, त्याला हे कळायला वेळ लागत नाही. लांबी-रुंदी दुप्पट केली, की पंखांचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. चौपट केली, तर क्षेत्रफळ सोळापट आणि वजन चौसष्टपट! पंख मागे राहतात, वजन पुढे धावते, आणि सांधे कुरकुरू लागतात. म्हणून लहान नमुना मोठा करणे हे नुसते गुणाकाराचे काम नव्हे. प्रत्येक आकाराला त्याचा निराळा हिशेब करावा लागतो. आज मोठे नमुन्याचे जेट करणाऱ्यालाही हाच नियम सोडीत नाही.

राइट बंधूंचे नाव जगाला ठाऊक आहे. पण त्यांचे इंजिन कोणी केले? चार्ल्स टेलर नावाच्या त्यांच्या मेकॅनिकने. लेथ, भोके पाडण्याचे यंत्र आणि हातची अवजारे एवढ्यावर त्याने सहा आठवड्यांत सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन घडविले. नीट नकाशे नव्हते. कागदाच्या चिठोऱ्यांवर ओबडधोबड आकृत्या काढायच्या आणि त्या बाकावर टांगून ठेवायच्या, अशी रीत होती. हा माणूस म्हातारपणी विपन्नावस्थेत धर्मार्थ रुग्णालयात आढळला. मग विमानधंद्यातील लोकांनी वर्गणी करून त्याची सोय केली. १९५६ साली तो वारला. आमच्या नानांचा हा अमेरिकेतला थोरला भाऊच म्हणायचा.

आता आपल्या घरचे पाहू. शिवकर बापूजी तळपदे या मुंबईच्या गृहस्थांनी १८९५ साली चौपाटीवर, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, विमान उडविले अशी कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथेप्रमाणे त्यात माणूस नव्हता. म्हणजे ते खरे धरले, तरी तो नमुन्याच्याच विमानाचा प्रयोग ठरतो. मराठी माणसाची छाती या कथेने फुगते. आमचीही फुगत असे. परंतु त्या उड्डाणाचा त्या काळचा विश्वसनीय पुरावा मिळत नाही. यंत्र नाही, मापे नाहीत, इंजिनाचा नकाशा नाही. या कथेशी जोडल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच शास्त्रज्ञांनी तपासणी केली, आणि १९७४ साली निष्कर्ष दिला, की तो ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातील विमाने उडण्याजोगी नाहीत. तळपद्यांना यात खोटे पाडण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी मुंबईच्या एका माणसाला विमान करावेसे वाटले, हेच थोडे नव्हे. पण नोंद न ठेवलेल्या कामाचे काय होते ते पाहा: त्याची दंतकथा होते. दंतकथेवर भांडता येते. तिच्यावरून दुसरे विमान करता येत नाही.

याउलट उदाहरण आमच्या उपनगरातलेच आहे. जुहूचा विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका लहानशा पस मॉथ विमानातून तेथे उतरले. दिवस, मार्ग, विमानाची जात, सारे लिहून ठेवलेले. म्हणूनच १९८२ साली, ५० वर्षांनी, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांना तोच प्रवास पुन्हा करता आला. नोंदीचे सामर्थ्य ते हे.

नमुन्याच्या विमानाची तार कधी सुटली? १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने पाण्यात एक छोटी बोट सोडली आणि बिनतारी लहरींनी ती चालवून दाखविली. बघ्यांना ती चेटूक वाटली. हीच विद्या १९३७-३८च्या सुमारास अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी नमुन्याच्या विमानाला लावली. त्यांचे विमान आजही संग्रहालयात जपलेले आहे.

जेट इंजिन मात्र नमुन्यांना पुष्कळ उशिरा लाभले. इंग्लंडात फ्रँक व्हिटलने १९३७ साली जमिनीवर जेट इंजिन फिरविले, आणि १९३९ साली जर्मनीत पहिले जेट विमान उडाले. त्याचे कार्य सांगायला सोपे आहे. पुढचे चक्र हवा ओढून दाबते. दाबलेल्या हवेत घासलेट जळते. तापलेला वायू मागचे चक्र फिरवीत जोराने बाहेर पडतो आणि विमान पुढे ढकलले जाते. मागचे चक्र त्याच दांड्यावरून पुढच्याला फिरविते. सांगायला सोपे, करायला मात्र अवघड, आणि लहान करायला त्याहून अवघड. चक्र जितके लहान, तितके ते वेगाने फिरले पाहिजे. नमुन्याच्या इंजिनात मिनिटाला लाखाच्या वर फेरे होतात. तेथे समतोलात केसाइतकी चूक झाली, तरी चक्राच्या ठिकऱ्या उडतात. असे इंजिन बसविलेले बिनतारी विमान इंग्लंडात १९८३ साली उडाले. पुढे थोड्याच वर्षांत कुर्ट श्रेकलिंग या जर्मन गृहस्थाने घरच्या अवजारांनी जेट इंजिन केले. त्याचे हवा दाबणारे चक्र प्लायवूडचे होते आणि तापणारे चक्र पोलादी पत्र्याचे! त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. त्याने सारी मापे आणि कृती पुस्तकात छापून टाकली. ते वाचून देशोदेशींच्या हौशी कारागिरांनी आपापल्या घरी इंजिने केली. विद्या एका हातातून हजार हातांत गेली ती अशी.

आपल्या देशानेही जेटची वाट लाकडातूनच काढली आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये कुर्ट टांक यांच्या देखरेखीखाली 'मरुत' हे लढाऊ जेट तयार होत असताना, आधी त्याच आकाराचे एक लाकडी, बिनइंजिनाचे विमान बांधले गेले. ३ एप्रिल १९५९ रोजी डकोटा विमानाने ओढून ते आकाशात नेले. त्यावर पुष्कळ उड्डाणे झाली, गुणदोष टिपले गेले, आणि १७ जून १९६१ला खरे मरुत उडाले. म्हणजे भारताच्या पहिल्या लढाऊ जेटचा पाया पूर्ण आकाराच्या नमुन्यात, सुताराच्या रंध्यात आहे.

आता शेवटचे उदाहरण. तेही आपल्या शेजारचे. कांदिवलीच्या चारकोपमध्ये अमोल यादव नावाचे वैमानिक राहत होते. परदेशी विमानविद्या शिकताना त्यांनी पाहिले, की तेथे माणसे घरच्या घरी लहान विमाने बांधतात. १९९८ साली त्यांनी स्वतःचे विमान करायला घेतले. पहिले साधले नाही. दुसरे साधले नाही. तिसरे, सहा आसनांचे, त्यांनी आपल्या इमारतीच्या गच्चीवर बांधले. हे जेट नव्हे, पंख्याचे विमान. पण ज्या गच्चीवर आपण पापड वाळवितो आणि पतंग उडवितो, तेथे ते उभे राहिले. फेब्रुवारी २०१६मध्ये त्याचे भाग सुटे करून खाली उतरविले आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते मांडले. पुढे कागदांची लढाई झाली. २०१७ साली 'व्हीटी-एनएमडी' असा नोंदणी क्रमांक मिळाला. २०१९ साली उड्डाणचाचणीची परवानगी मिळाली. आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. सरकारी कागदपत्रांना आम्ही कामगार कंटाळलेले असतो, आणि त्यांतल्या विलंबाचे समर्थन आम्ही करणार नाही. तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. या विमानाला क्रमांक आहे, तपासणी आहे, तारखा आहेत. शंभर वर्षांनी कोणी विचारले, "खरेच का हो?", तर उत्तर द्यायला कागद आहे. चौपाटीच्या विमानाला हे भाग्य लाभले नाही.

कोणी तरुण आता म्हणेल, आम्हीही करतो नमुन्याचे जेट. जरूर करावे, पण अंधेरी-घाटकोपरच्या आकाशात ते सोडू नये. डोक्यावर प्रवासी विमानांची वाट आहे. २०२१च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतच्या, शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायच्या नमुन्यांची वेगळी जात मानली आहे. कोठे उडवावे आणि कोठे नाही, याचे नकाशेही आहेत. शिवाय पेटते घासलेट आणि लाख फेऱ्यांचे चक्र यांच्याशी उतावळेपणा चालत नाही. परवानगी घ्यावी, जाणत्याजवळ शिकावे, आणि मगच मोकळ्या माळावर जावे.

आणि ज्यांना विमान करायचे नाही, त्यांच्याकडे आमचे एक मागणे आहे. मरोळपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची धुराडी एकेक करून थंड झाली. त्यांत राबलेले टर्नर, फिटर, सुतार, साचेकाम करणारे अजून आपल्या चाळींत, आपल्या घरांत आहेत. कोणाचे वडील, कोणाचे मामा, कोणाचे शेजारी. एक वही घ्या आणि त्यांच्यापाशी बसा. अवजार कसे घासावे, माप कसे पारखावे, चक्राचा समतोल बोटावर कसा ओळखावा, हे विचारा आणि लिहून घ्या. "हाताला कळतं," असे म्हणून ते हसतील. तेथे थांबू नका. आम्ही थांबलो होतो. त्या दिवशी आमच्या खिशात पेन्सिल होती, आणि जेवणाच्या सुट्टीची वीस मिनिटे अजून उरली होती.