आरसा कुणासाठी?

मन्नाएखेळ्ळीच्या फाट्यावरून एक रस्ता उत्तरेला बिदरला जातो आणि हमरस्ता पश्चिमेला हुमनाबादकडे; तिथून पुढे गुलबर्गा. या टापूत दोन खिडक्यांतून अंतर मोजणारा रेंजफाइंडर कॅमेरा आणि आरशावाटे लेन्समधूनच पाहणारा एसएलआर यांचा जुना वाद सहज निकालात निघतो. बिदरच्या किल्ल्यातल्या रंगीन महालात काळ्या दगडात शिंपल्यांचं जडावकाम आहे, पण दालनं लहान. मागे सरकायला जागा नाही. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद पूर्ण छताखाली आहे, तिथे कमानींमागे कमानी. आणि बिदरच्या माळावर काळवीट, माणूस पाहताच उधळणारं. पहिल्या दोन ठिकाणी रुंद लेन्स लागते, तिसऱ्या ठिकाणी लांब. कॅमेऱ्याची निवड लेन्सनेच करायची असते, आवडीने नव्हे.

रुंद लेन्स फिल्मच्या जितकी जवळ बसेल तितकी तिची रचना सरळ राहते. लायका एम कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर २७.८ मि.मी., तर निकॉन एफमध्ये ४६.५; कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. झाइसची १९५४ची २१ मि.मी. बायोगॉन रेंजफाइंडरमध्ये खोल शिरून बसत असे. निकॉनने १९५९मध्ये एसएलआरसाठी २१ मि.मी. लेन्स काढली, तेव्हा आरसा वर अडकवून वेगळ्या दर्शकातून पाहावं लागे. म्हणजे नाव एसएलआरचं, वागणूक रेंजफाइंडरची!

यावर आक्षेप असा की अँजेन्यूने १९५०मध्येच रेट्रोफोकस रचना आणून आरशाची अडचण सोडवली होती. सोडवली खरी, पण लेन्स बोजड झाली आणि कडेच्या सरळ रेषा वाकण्याचा दोष आवरणं अवघड झालं. खांबांच्या रांगा टिपणाऱ्याला हा दोष क्षुल्लक नाही. मात्र दुसरा आक्षेप मला मान्य आहे: २१ मि.मी.ला रेंजफाइंडरवरही वेगळा दर्शक लागतो आणि लेन्स नेमकं काय पाहते ते त्यात दिसत नाही.

काळविटापाशी मात्र वादच उरत नाही. दोन खिडक्यांतून अंतर मोजण्याची अचूकता लांब लेन्सला अपुरी पडते, म्हणून १९५४च्या लायका एम३च्या दर्शकात चौकटी ५०, ९० आणि १३५ मि.मी. एवढ्याच होत्या. त्यापुढे लायका बनवणाऱ्या लायट्झलाच व्हिझोफ्लेक्स नावाची आरशाची पेटी जोडावी लागे. त्याच वर्षी असाहीफ्लेक्स या एसएलआरने शटरनंतर आपोआप खाली येणारा आरसा आणला. १९५९चा निकॉन एफ तर त्यांच्याच रेंजफाइंडर एसपीच्या सांगाड्यावर उभा राहिला, आणि १९६४मध्ये लायट्झनेही लायकाफ्लेक्स हा एसएलआर काढला.

लेन्समधूनच पाहणं ही एसएलआरची नवलाई मानणंही चूक ठरेल. जेम्स बर्जेस यांचा बिदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांच्या पुरावशेषांवरचा अहवाल १८७८चा. त्या काळचा छायाचित्रकार काळ्या कापडाखाली शिरून काचेवर लेन्सचीच उलटी प्रतिमा पाहत असे. म्हणजे लेन्समधून पाहायला आरसा लागतोच असं नाही: २०१८मध्ये निकॉनने झेड कॅमेऱ्यातून आरसा काढून टाकला आणि बैठकीचं अंतर १६ मि.मी.वर आणलं.